करवंटीतली सुई

"अक्का, आज तुझी लॉटरी लागली बघ," दस्तगीरनं घंटागाडीच्या केबिनमधून मान बाहेर काढून सांगितलं. "मंगसुळेकाकूंनीबी करवंट्या ठेवल्यात. त्या बघ, खिळ्याला."

मी बघितलं, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

आठच दिवसांपूर्वी माझी लेक सारिका बाळंत झाली होती. पहिली खेप, म्हणून माहेरी आलेली. मुलगी झाली. आमच्यात बाळंतिणीला आणि बाळाला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, मग बाजेखाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी द्यायची. त्या शेगडीला निखारा लागतो तो करवंटीचाच. लाकडाचा धूर होतो, कोळसा डोक्यात चढतो. करवंटी कशी, शहाण्या सुनेसारखी गुपचूप जळते. म्हणून मी कचरा गोळा करताना दारोदार सांगत सुटले होते, की आमच्याकडं नात झालीय, करवंट्या वेगळ्या ठेवा. आमच्या विणकर कॉलनीतली माणसं तशी चांगली. कुणी पिशवीत घालून द्यायचं, कुणी पोत्यात. एका घरानं तर तीन दिवस नुसती सोलकढी केली असावी, इतक्या करवंट्या दिल्या.

राहिल्या होत्या त्या मंगसुळेकाकू. एकट्या राहायच्या. यजमान वारलेले, मुलगा परगावी. फाटकाला एक खिळा ठोकलेला होता, त्यावर गाठ मारलेली पिशवी लटकवायच्या आणि खिडकीतून गाडी जाईपर्यंत बघत राहायच्या. फाटकाशी कधी आल्या नाहीत की कधी 'अगं' म्हणून हाक मारली नाही. इतक्या वर्षांत बोलणं म्हणून नव्हतं. आम्ही आपसात त्यांना 'खिळेवाल्या' म्हणायचो. त्यामुळं त्या दिवशी पातळ पिशवीतून अख्खा नारळ दिसावा तशी ती करवंटी दिसली तेव्हा मी खूश झाले. दोन्ही अर्धी एकमेकांवर बसवून वरून सुताच्या दोऱ्यानं आवळून बांधली होती. मनात म्हटलं, बघा, दगडालाही पाझर फुटतो. नुसती ठेवली नाही, माझ्यासाठी बांधून ठेवली.

पिशवीची गाठ सोडली. हातात मोजे होते, पण बोटं उघडी. मुकादमानं नवे मोजे दिले की पहिलं काम आम्ही काय करायचो, तर ब्लेडनं त्यांची बोटं कापायचो. मोजे घालून गाठ सुटत नाही, आणि गाठ सुटल्याशिवाय ओला-सुका वेगळा होत नाही. दस्तगीर म्हणायचा, "हे मोजे न्हवंत अक्का, ह्या बांगड्या झाल्या." तर त्या बांगड्या घातलेल्या हातांनी मी दोरा ओढून काढला, फटीत बोट घातलं आणि करवंटी उघडायला जोर केला.

आत काहीतरी चर्रकन रुतलं.

काटा टोचावा इतकंच. हात मागं घेतला तर बोटाच्या टोकाला रक्ताचा थेंब. करवंटी खाली पडून उघडली होती आणि तिच्यात बारीक बारीक सुया पसरल्या होत्या, साखरेच्या आजाराची माणसं टोचून घेतात तसल्या. काहींना टोपणं होती, काहींना नव्हती.

दस्तगीर उडी मारून खाली आला. "दाबू नको. चोखू नको. पालिकेच्या शिबिरात सांगितलंय नव्हं? धू आधी." शेजारच्या बागेतल्या नळाखाली त्यानं माझा हात धरला. गडी चेष्टेखोर, पण त्याचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता.

"आरं, टोचतंच की आपल्याला रोज कायतरी," मी म्हटलं.

"काच टोचनं येगळं, सुई टोचनं येगळं. त्या सखारामचं काय झालं, ठाव हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. सखाराम आमच्याच खात्यात होता. त्याला काविळीनं धरलं ते कुठून धरलं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पोटात पाणी झालं आणि गेला. त्याच्या बायकोला नंतर त्याच्याच जागेवर घेतलं. मी वर मंगसुळेकाकूंच्या खिडकीकडं बघितलं. त्या दिवशी खिडकीत कुणी नव्हतं.

दस्तगीरनं अर्धी भरलेली गाडी तशीच पालिकेच्या दवाखान्यात नेली. घंटा बंद करायचंही त्याला सुचलं नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई कचऱ्याचा डबा घेऊनच बाहेर आल्या.

डॉक्टर होत्या पट्टणशेट्टी म्हणून. तरुण होत्या, पण बोलणं शांत. त्यांनी बोट बघितलं, माझं रक्त घेतलं, काविळीच्या लशीचं विचारलं. मी म्हटलं, शिबिरात घेतलेल्या, एक राहिली. त्यांनी ती टोचली, आणखी एक इंजेक्शन दिलं आणि गोळ्या सुरू केल्या.

"मावशी, सुई कुणाची ते माहीत आहे?"

"हाय की. मंगसुळेकाकूंची."

"मग त्यांचं रक्त तपासायला मिळालं तर फार बरं होईल. त्यांच्या रक्तात एचआयव्ही नसेल, काविळीचे विषाणू नसतील, तर तुमच्या ह्या गोळ्या बंद करता येतील आणि घोर जाईल. नाहीतर महिनाभर गोळ्या घ्यायच्या आणि पुढं तपासण्या करत राहायचं. पण त्यांना आपण जबरदस्ती करू शकत नाही. विचारायला लागेल."

मी खालमानेनं म्हटलं, "घरात बाळंतीण हाय. आठ दिसाचं बाळ हाय. मी न्हाऊ घालते त्याला."

"घाला की. मुके घ्या, मांडीवर घ्या. हात लावून ह्यातलं काही होत नाही. बोटाला पट्टी बांधा म्हणजे झालं."

डोक्याला पटलं. पण घरी गेले, पाणी तापवलं, दोन्ही पाय लांब करून पाटावर बसले, सारिका बाळ माझ्या पायांवर द्यायला वाकली आणि माझे हात पुढं होईनात. त्या बोटाकडंच नजर जात होती. नातीची कातडी अजून लाल होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

"मला कणकण हाय," मी म्हटलं. "शेजारच्या चंपाबाईला हाक मार. तिला येतं."

चंपाबाईला येत होतं, पण तिचे हात लोहाराचे. पोरगी अशी रडली की बाजेवरची सारिकाही रडायला लागली. मी दारात उभी राहून धुरीसाठी करवंट्या फोडत होते. एकेक करवंटी आधी उलटी करून बघत होते, आत काही आहे का.

"आई, तू बाळाला घेत का न्हाईस?" सारिकानं संध्याकाळी विचारलं. "मुलगी झाली म्हणून?"

हे ऐकलं आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मी तीन मुली वाढवलेली बाई. नातीचं नाव घरातल्या सगळ्यांच्या आधी मी ठरवून ठेवलेलं. आणि माझ्या लेकीनं मला हे विचारावं. काय सांगणार? बाळंतिणीला असलं काही सांगितलं तर दूध आटतं म्हणतात. मी म्हटलं, "येडी का काय तू, अंगात ताप हाय," आणि पाठ फिरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना दस्तगीर म्हणाला, "काकूंकडं आज जायचं."

"मी न्हाई जायची. त्या खिळ्यापुढं हात जोडायला."

"मग नातीला चंपाबाईच न्हाऊ घालनार महिनाभर?"

असा माणूस. गप्पांत हसवणार आणि बोलेल तेव्हा वर्मावर बोलणार. फेरी संपवून आम्ही गाडी मंगसुळेकाकूंच्या फाटकापुढं लावली. मी आयुष्यात पहिल्यांदा ते फाटक उघडलं. दार वाजवताना माझ्या मनात काय होतं ते सांगते. मनात होतं, की हिनं मुद्दाम केलं. करवंट्या मागते काय कचरेवाली, घे म्हणावं. रात्रभर मी हेच घोळवलं होतं, आणि घोळवून घोळवून ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

काकूंनी दार उघडलं. खिडकीतून दिसायच्या त्याहून लहानखुऱ्या होत्या. अंगावर स्वेटर, भर उन्हाळ्यात.

"काकू, तुमच्या करवंटीत सुया हुत्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "मला टोचली. हे बघा."

त्यांनी बोटाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. "पण करवंटी तर मी बांधली होती," त्या म्हणाल्या. "घट्ट बांधली होती. तू उघडलीस कशाला?"

"माझ्यासाठी ठेवली असंल, असं वाटलं मला."

"तुझ्यासाठी? करवंटी?"

मग मला सांगावं लागलं, नात, शेगडी, धुरी, सगळं. काकू ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत होता.

"हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की खरंच, मी सबंध कॉलनीला सांगितलं होतं, यांना सांगितलंच नव्हतं. त्या कुठं फाटकाशी येतात, म्हणून. आपणच सांगायचं नाही आणि आपणच रुसायचं.

"मी तर उलटं केलं," काकू म्हणाल्या. दाराची चौकट धरून त्या हळूहळू उंबऱ्यावर बसल्या. "इतकी वर्षं सुया दुधाच्या पिशवीत गुंडाळून टाकत होते. परवा खिडकीतून बघितलं, तू कचरा हातानं दाबत होतीस. मोज्यातनं बोटं बाहेर. मला धस्स झालं. म्हटलं, एक दिवस हिला टोचेल. मग सुचलं, करवंटीत घालाव्यात. कठीण असते, सुई बाहेर येणार नाही. दोऱ्यानं बांधली. चांगलं केलं असं वाटलं मला."

दस्तगीर माझ्या मागं उभा होता. तो हळूच म्हणाला, "करायला गेलो गणपती, झाला मारुती."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. रात्रभर जपून ठेवलेला राग, आणि ठेवायला जागाच उरली नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी चाचरत सांगितलं. रक्त तपासायचं म्हणजे काय काय तपासायचं तेही सांगितलं. एचआयव्ही हा शब्द त्यांच्यासारख्या बाईपुढं उच्चारताना माझी जीभ अडखळली.

काकू उठल्या आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. मी दस्तगीरकडं बघितलं. तो म्हणाला, "झालं. चल अक्का." आम्ही फाटकापर्यंत पोचलो तर मागून कुलपाचा आवाज आला. काकू चप्पल घालून, हातात छत्री आणि काखेला पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होत्या.

"रिक्षा बोलावतो," दस्तगीर म्हणाला.

"ही गाडी दवाखान्यात जात नाही का?"

"जाती. पण वास येईल, काकू."

"त्यातला थोडा माझ्याच घरचा आहे," त्या म्हणाल्या आणि केबिनमध्ये चढायला माझ्या खांद्याचा आधार घेतला.

आता विचार करा. मंगसुळेकाकू घंटागाडीच्या केबिनमध्ये मधोमध, एका बाजूला दस्तगीर, एका बाजूला मी. सोलकढीवाल्या वहिनी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या, त्यांच्या हातातलं धोतर खाली पडलं. काकूंनी कुणाकडं बघितलं नाही. छत्री दोन्ही हातांनी धरून ताठ बसल्या होत्या. दस्तगीरनं त्यांच्या मानाखातर घंटा वाजवली नाही.

दवाखान्यात त्यांनी रक्त दिलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, इथंच बसा, जरा वेळानं कळेल. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आधी आमच्या दोघींत एका माणसाची जागा होती. मग एक म्हातारा येऊन बाकाच्या टोकाला टेकला आणि काकू माझ्याकडं सरकल्या.

"तू मला वाईट समजत असशील," त्या म्हणाल्या.

"न्हाई तसं."

"खोटं कशाला बोलतेस? समजतच असशील. आणि मीही खोटं बोलत नाही. मला किळस यायची. कचऱ्याची, गाडीची, तुझ्या हाताचीसुद्धा. घरातली घाण तूच नेतेस हे कळत होतं, तरी यायची. म्हणून तो खिळा."

असं तोंडावर कुणी सांगितलं नव्हतं कधी. लोक पाणी वरून ओततात, हसून बोलतात आणि हात मागं घेतात. ह्या बाईनं सरळ सांगितलं. आणि गंमत अशी, की कालपासून मीच त्यांच्या रक्ताला भीत होते. त्यांच्या अंगातलं माझ्या अंगात आलं असंल का, ह्या विचारानं मला झोप नव्हती. आमच्या हाताला भिणारे खूप बघितले, पण ह्यांच्या हातचं मला काही लागेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही. पण काकू हुशार, त्यांना कळलं असावं.

"मलाही भीती वाटतेय," त्या एकदम म्हणाल्या.

"तुमाला कशाची?"

"गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं माझं. फार वर्षांपूर्वी. रक्त चढवलं होतं. तेव्हा ते रक्त कुणी तपासलं होतं की नाही, देव जाणे. आतापर्यंत कधी मनात आलं नाही. आता इथं बसून तेच येतंय. काही निघालं तर मी गेले ते गेले, म्हातारीच आहे. पण तुला नात झाली आहे." त्यांनी छत्रीची मूठ आवळली. "मला हे करवंटीचं का सुचलं गं?"

मी त्यांचा हात धरला. विचार करून नाही धरला. पट्टी बांधलेल्या हातानंच धरला. त्यांचा हात गार होता. बाकाच्या टोकाचा म्हातारा आमच्याकडं बघून म्हणाला, "घाबरू नका बायांनो, गोळ्या देतात आणि सोडतात." त्याला काय माहीत. पण आम्ही दोघीही हसलो.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडं न बघता पायांकडं बघत होते. "मंगसुळेकाकू," त्या म्हणाल्या, "साखर सोडली तर तुमच्या रक्तात नाव ठेवायला जागा नाही. एचआयव्ही नाही, कावीळ नाही. अनसूयामावशी, तुमचंही कालचं सगळं ठीक आलंय. गोळ्या बंद. लशीची तेवढी मी सांगेन ती तारीख चुकवू नका. आणि मोजे कापू नका."

माझा जीव भांड्यात पडला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग नाक शिंकरलं, चांगलं जोरात. "सुया कशात घालू?" त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टोपण लावून, भरली की इथं आणून द्या. काकू म्हणाल्या, "एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर."

परत निघालो. माझं घर वाटेतच लागतं. दस्तगीरनं गाडी हळू केली तर काकू म्हणाल्या, "मी पण उतरते. बाळ बघते आणि जाते."

"आमचं घर लहान हाय, काकू."

"बाळ केवढं आहे?"

त्या आमच्या गल्लीतून छत्री टेकत आल्या, उंबऱ्याशी चपला काढल्या, नळावर हात-पाय धुतले. मीही साबण लावून दोनदा हात धुतले. घरात सारिका गाढ झोपली होती. बाळ मात्र बाजेवर जागं होतं, छताकडं बघत मुठी चोखत होतं. काकू भिंतीला टेकून चटईवर बसल्या आणि मांडी घातली. पदर मांडीवर पसरला.

"दे इकडे," त्या हळूच म्हणाल्या.

मी वाकले, एक हात मानेखाली आणि एक कुल्ल्यांखाली घातला, नातीला उचललं आणि नेऊन काकूंच्या मांडीवर ठेवलं. पोरगी उबदार होती, दुधाच्या वासाची. काकूंच्या स्वेटरचं बटण तिनं मुठीत धरलं. काकू तिच्याकडं बघत राहिल्या आणि मी त्या दोघींकडं.

"अनसूया, मान धर की हिची," काकू म्हणाल्या. "मला सवय राहिली नाही."

तेव्हा कुठं मला कळलं, की मी तिला उचललं होतं. काल डॉक्टरनं सांगून, देवाला विचारून, रात्रभर मनाची समजूत घालून जे जमलं नव्हतं, ते ह्या बाईला बाळ द्यायच्या नादात होऊन गेलं होतं. मी खाली बसले आणि नातीची मान धरली. मागून सारिकाचा झोपेतला आवाज आला, "आई, ताप उतरला काय गं?"

"उतरला," मी म्हटलं. "ऊठ तू. मी पाणी तापवते, हिला न्हाऊ घालायचंय."